हाड जुळले, दुखणे का थांबेना?

गेल्या महिन्यात बदलापूरच्या एका भगिनीचे पत्र आले. त्या लिहितात, "डॉक्टरीणबाई, साडेतीन महिन्यांनी पायाचे प्लास्टर निघाले. फोटो पाहून डॉक्टर म्हणाले, हाड जुळले, आता चालायला लागा. पण पाय टेकवला की कळ मस्तकात जाते. नुसता पायच नव्हे, मान, पाठ, खांदे, सगळेच ठणकते. मला सहा वर्षांपासून फायब्रोमायल्जिया आहे. सासूबाई म्हणतात, हाड जुळलं ना, मग आता कसलं दुखणं? मी चालू की नको, एवढेच सांगा."

या पत्राला दोन ओळींचे उत्तर देता आले असते. पण हा प्रश्न मी स्वतः आठ महिने भोगला आहे, आणि डॉक्टर असूनही त्यात दोन मोठ्या चुका केल्या आहेत. म्हणून आजचा सगळा लेख या एकाच प्रश्नावर.

नेहमीचेच दुखणे

अंबरनाथला माझा दवाखाना आहे. फायब्रोमायल्जियाचे निदान होऊन मला बरीच वर्षे झाली. त्याआधीची चार वर्षे रक्ताच्या तपासण्या आणि एक्स-रे करण्यात गेली. सगळे अहवाल चांगले यायचे आणि अंग मात्र दुखतच राहायचे. एका मोठ्या डॉक्टरांनी "हे मनाचे खेळ आहेत" असेही ऐकवले. पुढे निदान झाले, तेव्हा आजार झाल्याच्या दुःखापेक्षा आजाराला नाव मिळाल्याचे समाधानच जास्त वाटले.

२०२३ सालची आषाढी एकादशी २९ जूनला होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दादरहून परतताना स्टेशनच्या पुलाची ओली पायरी उतरताना माझा डावा पाय मुरगळला. घाई माझीच होती. पाय बाहेरच्या बाजूने सुजला. घरी आल्यावर आंबेहळदीचा लेप लावला, क्रेप बँडेज गुंडाळले आणि दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडला. दुखत होते, पण मला रोज काही ना काही दुखतेच. पावसाळ्यात तर जास्तच. "हे नेहमीचेच" असे स्वतःला सांगत मी एकोणीस दिवस त्या पायावर चालत राहिले.

शेवटी माझ्या दवाखान्यातल्या मावशींनी मला टोकले. त्या म्हणाल्या, "मॅडम, तुमचं नेहमीचं दुखणं कधी एकाच पायाला नसतं. आज खांदा, उद्या कंबर असं असतं. हे तर महिना होत आलं, जागचं हललं नाही." बाईंचे शिक्षण चौथीपर्यंतचे, पण निदान त्यांनी बरोबर केले. त्याच दिवशी एक्स-रे काढला. पायाच्या करंगळीमागचे लांब हाड, म्हणजे पाचवे मेटाटार्सल, बुडाशी मोडले होते.

ही माझी पहिली चूक. नव्या दुखण्याला मी जुन्याच दुखण्याच्या खात्यात जमा केले.

एका डॉक्टरचा मोडलेला पाय

या अस्थिभंगाला जोन्स फ्रॅक्चर म्हणतात. सर रॉबर्ट जोन्स हे लिव्हरपूलचे नामवंत अस्थिशल्यविशारद. नाच करताना त्यांचाच पाय वाकडा पडला आणि हे हाड मोडले. त्यांनाही प्रथम स्नायूची दोरी तुटली असावी असेच वाटले होते. पण त्यांनी लगेच एक्स-रे काढून घेतला आणि १९०२ साली स्वतःच्या पायासह अशा रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. एक्स-रेचा शोध लागून तेव्हा जेमतेम सात वर्षे झाली होती. मी त्यानंतर सव्वाशे वर्षांनी, एक्स-रे केंद्रापासून दहा मिनिटांच्या अंतरावर राहून, एकोणीस दिवस लावले!

हे हाड नेमके जिथे मोडते तिथे रक्तपुरवठा कमी असतो, त्यामुळे ते जुळायला वेळ लागतो. मनगटातले होडीच्या आकाराचे लहान हाड आणि नडगीचा खालचा भाग यांचीही हीच तऱ्हा.

हाड कसे जुळते?

बदलापूरला सध्या जिकडे तिकडे इमारती उभ्या राहात आहेत, म्हणून तिथलेच उदाहरण देते. स्लॅब टाकला की त्याखाली टेकू ठेवतात आणि वरून पाणी मारतात. वरून घट्ट दिसला म्हणून कोणी चौथ्या दिवशी टेकू काढत नाही. हाडाचेही तसेच आहे. मोडल्यावर प्रथम तिथे रक्त साकळते. दोन-तीन आठवड्यांत त्या जागी मऊ, कच्चा सांधा तयार होतो. पुढे त्यात चुना, म्हणजे कॅल्शियम, भरत जाऊन तो कडक होतो. नंतर कित्येक महिने शरीर त्या जोडाला तासून मूळचा आकार देत राहते. प्लास्टर हा टेकू आणि रक्तपुरवठा हे पाणी.

मनगटाचे साधे हाड सहा आठवड्यांत बऱ्यापैकी धरते. नडगीला तीन ते चार महिने किंवा अधिकही लागतात. अपेक्षित मुदत उलटूनही जोड दिसत नसेल, तर त्याला हाड उशिरा जुळणे म्हणतात. साधारणपणे नऊ महिने होऊनही आणि त्यांतले शेवटचे तीन महिने काहीच प्रगती नसेल, तर हाड न जुळल्याचे धरतात. मग स्क्रू, प्लेट किंवा कमरेच्या हाडाचा चुरा भरणे अशा शस्त्रक्रियेचा विचार होतो.

माझ्या बाबतीत सहा आठवड्यांनी, ऐन नारळी पौर्णिमेला फोटो काढला. फट तशीच होती. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर आणखी सहा आठवडे मोजून खूण केली. घटस्थापनेच्या आधी काढलेल्या फोटोत जोडाची पुसट सावली दिसली, आणि दिवाळीनंतरच्या फोटोत हाड जुळलेले दिसले. पडल्यापासून हिशेब केला तर साडेचार महिने झाले होते.

उशीर का होतो?

फायब्रोमायल्जिया हा हाडाचा रोग नाही. तो हाड मोडत नाही आणि एक्स-रेत दिसतही नाही. पण त्याच्यासोबत येणाऱ्या काही गोष्टी हाडाच्या वाटेत आडव्या येतात.

पहिली गोष्ट म्हणजे ऊन. अंग दुखते म्हणून माणूस घरात बसतो. उल्हासनगरच्या दाटीवाटीच्या गल्ल्यांत शिलाई मशीनवर दिवसभर बसणाऱ्या भगिनींना ऊन क्वचितच लागते. माझे ड जीवनसत्त्व तपासले तेव्हा ते ११ निघाले. २० च्या खाली गेले की कमतरता धरतात. पहाटेच्या कोवळ्या उन्हाचा यासाठी फारसा उपयोग नाही. अकरा ते दोनच्या दरम्यान थोडा वेळ हातपाय उघडे ठेवून बसावे, आणि काचेच्या खिडकीमागे बसू नये, कारण काचेतून ती किरणे येत नाहीत. ड जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पुडी मात्र डॉक्टरांनी सांगितली तेवढीच घ्यावी. मनाने महिनोन् महिने घेतल्यास रक्तातले कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला अपाय होतो.

दुसरी गोष्ट तंबाखू. बिडी-सिगारेट तर आहेच, पण आपल्याकडे कितीतरी भगिनी सकाळी मिश्री लावतात आणि तिला तंबाखू समजत नाहीत. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिच्यातल्या निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि हाडाचे 'पाणी' तुटते. हाड जुळेपर्यंत तरी ती बंद ठेवा. तेवढे महिने जमले तर पुढेही जमेल.

तिसरी गोष्ट आहार. २०२० च्या भारतीय शिफारशींनुसार प्रौढ व्यक्तीला रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते, पाळी गेलेल्या स्त्रीला १२००. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम मिळते, पेलाभर दुधात सव्वादोनशेच्या आसपास. तीळ, राजगिरा आणि काट्यांसकट खाल्ले जाणारे सुकट-जवळा हेही चांगले. पण नुसत्या कॅल्शियमने भागत नाही. हाडाचा सांगाडा प्रथिनांचा असतो. दोन्ही जेवणांत घट्ट वरण, मटकी-मूग, दही, अंडी किंवा मासळी यांपैकी काहीतरी हवेच. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवणे हेही हाडाचेच औषध समजा.

चौथी गोष्ट हाडवैद्याची कच्च पट्टी. आधी फोटो न काढता पट्टी आवळून घेऊ नये. बोटे काळीनिळी पडली किंवा बधिर झाली तर पट्टी असो की प्लास्टर, तासाभराचाही उशीर न करता दाखवावे.

दुसरी चूक

आता मूळ पत्राकडे वळते. फोटोत हाड जुळले, पण माझ्या वेदना कमी होईनात. पाय टेकवला की डोळ्यांत पाणी यायचे. आधी दुखण्याकडे दुर्लक्ष करून फसले होते, म्हणून या वेळी मी दुखण्याचेच ऐकायचे ठरवले. जवळजवळ महिनाभर पाय जमिनीला लावलाच नाही. परिणाम उलटा झाला. पोटरी वाळली, पाठ धरली, झोप उडाली, आणि फायब्रोमायल्जिया पूर्वी कधी नव्हता इतका उसळला.

असे का झाले, ते समजण्यासाठी हा आजार काय आहे ते पाहू. फायब्रोमायल्जियात स्नायू किंवा सांधे बिघडलेले नसतात. वेदनेची वर्दी देणारी मज्जासंस्था फार हळवी झालेली असते. कोणी हळू बोलले तरी ते कर्ण्यातून ओरडल्यासारखे ऐकू यावे, तसे काहीसे. पूर्वी, १९९० च्या निकषांनुसार, अंगावरचे अठरा बिंदू दाबून पाहात आणि त्यांतले अकरा दुखले तर निदान करीत. २०१० पासून बिंदू मोजण्यावरचा भर गेला. दुखणे अंगावर किती भागांत पसरले आहे, झोप, थकवा आणि स्मरण यांवर किती परिणाम झाला आहे, हे विचारून निदान होते. वेदना मात्र खरीच असते. ती कल्पित नाही आणि नाटकही नाही.

हाड मोडल्यावर तीन-चार महिने वेदनेच्या वर्दी सतत मेंदूकडे जात असतात. आधीच हळवी असलेली मज्जासंस्था त्याने आणखी हळवी होते, आणि हाड जुळल्यावरही कर्णा चालूच राहतो. मेक्सिकोच्या विख्यात चित्रकार फ्रिडा काहलो यांच्या बसची १७ सप्टेंबर १९२५ रोजी ट्रामशी टक्कर झाली. कणा, कंबर, पाय अशी कितीतरी हाडे मोडली. तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. १९५४ साली मृत्यू येईपर्यंत वेदनेने त्यांची पाठ सोडली नाही. ही सगळी वेदना मोडक्या हाडांचीच नसून तिच्यामागे अपघातानंतर जडलेला फायब्रोमायल्जिया असावा, असा कयास काही संधिवाततज्ज्ञांनी २००० साली मांडला. मृत्यूनंतरचे निदान हा अखेर कयासच. पण हाड आपल्या गतीने बरे होते आणि वेदना आपल्या गतीने, हे त्यातून ध्यानात येते.

माझ्या दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे. मी वेदनेला हाडाचे माप समजले. आधी वेदना नेहमीसारखी वाटली म्हणून हाड शाबूत आहे असे धरले. नंतर वेदना फार वाटली म्हणून हाड कच्चे आहे असे धरले. दोन्ही वेळा हाडाची स्थिती वेगळीच होती. ज्याला फायब्रोमायल्जिया आहे, त्याने हाडाचा हिशेब वेदनेवर ठेवू नये. त्यासाठी दुसरी मापे वापरावीत.

मग मापे कोणती?

१. बोटाचे माप. फायब्रोमायल्जियाचे दुखणे पसरट असते, बहुधा दोन्ही बाजूंना असते आणि जागा बदलते. मोडलेले हाड एकाच जागी, एका बोटाने दाखवता येईल असे दुखते. पडल्यानंतर सूज असेल, हाडावर बोट दाबताच कळ येत असेल किंवा चार पावलेही टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढावाच. घोटा मुरगळलेल्यांसाठी कॅनडातील ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ साली असेच नियम घालून दिले. त्यांत करंगळीमागच्या या हाडाचे बूड दाबून पाहण्याचा समावेश आहे. खर्चाची अडचण असल्यास उल्हासनगर कॅम्प नंबर तीनमधल्या सरकारी मध्यवर्ती रुग्णालयात दाखवावे, पण अंगावर काढू नये.

२. फोटोचे माप. पाय टेकवायचा की नाही, हे फोटो आणि तपासणी पाहून अस्थिरोगतज्ज्ञ ठरवतील. त्यांना आपला फायब्रोमायल्जिया पहिल्याच भेटीत सांगावा आणि प्रत्येक वेळी नेमका प्रश्न विचारावा, "या पायावर आज किती वजन टाकू?"

३. काट्याचे माप. मला चालते केले ते घरच्या वजनकाट्याने. फिजिओथेरपिस्ट बाईंनी काटा जमिनीवर ठेवला. त्याच्या शेजारी तेवढ्याच उंचीची फळी ठेवली. उजवा पाय फळीवर, डावा काट्यावर, हातांना वॉकरचा आधार. पहिल्या दिवशी काट्यावर फक्त दहा किलो. दर तीन-चार दिवसांनी पाच किलो वाढवायचे. दुखते किती हे त्या विचारत, पण लिहून ठेवत ते किलो. महिन्याभरात डावा पाय माझे निम्मे वजन घेऊ लागला. काटा माझी भीती ऐकत नव्हता आणि माझी घाईही ऐकत नव्हता.

४. दुसऱ्या दिवसाचे माप. व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी सगळे अंग ठणकले तर घाबरू नये. दोन दिवस वजन वाढवू नये, पण शून्यावरही येऊ नये. मात्र मोडलेल्या त्याच जागी कळ आणि सूज वाढली, तर थांबून डॉक्टरांना दाखवावे.

प्लास्टर पायाला, माणसाला नव्हे

पाय प्लास्टरमध्ये असला तरी बाकीचे शरीर मोकळे आहे. पहिल्या आठवड्यापासून पलंगावर पडल्या-पडल्या हात, खांदे, मान आणि दुसरा पाय रोज दोनदा हलवावेत. प्लास्टरबाहेरची बोटेही हलती ठेवावीत. २०१६ साली युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने फायब्रोमायल्जियाच्या उपचारांचा आढावा घेतला, तेव्हा सर्वांत ठाम शिफारस व्यायामालाच मिळाली. संपूर्ण विश्रांती मोडलेल्या हाडाला मानवेल, फायब्रोमायल्जियाला मानवत नाही.

काखेतल्या कुबड्यांनी अशा रुग्णाचे खांदे आणि मनगटे भरून येतात. वॉकर बरा, त्याच्या मुठींना जाड कापड गुंडाळावे. प्रिगॅबालिन, ड्युलॉक्सेटिन किंवा अमिट्रिप्टिलिन यांसारख्या गोळ्या चालू असतील तर झापड आणि चक्कर येऊ शकते. रात्री उठताना आधी दोन मिनिटे पलंगाच्या कडेला बसावे, दिवा लावावा, मगच उभे राहावे. दुसरा पाय मोडण्याचे हेच ठिकाण असते! गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत, तसेच दुकानातून वेदनाशामके आणून महिनोन् महिने खाऊ नयेत.

आणि या गोष्टींना फायब्रोमायल्जिया समजू नये: पोटरी अचानक सुजून दुखणे किंवा धाप लागणे, ताप येणे, जखमेतून पू येणे, प्लास्टर निघाल्यावर पाय कधी लाल-गरम, कधी निळा-गार पडणे, त्याला चादरीचा स्पर्शही सहन न होणे. पहिल्या प्रकारात त्याच क्षणी रुग्णालय गाठावे, बाकीच्यांत त्याच आठवड्यात तज्ज्ञांना दाखवावे, आणि पू किंवा ताप असेल तर त्याच दिवशी.

भगिनींना उत्तर

तेव्हा बदलापूरच्या भगिनींनो, आपल्या डॉक्टरांना एकदा पुन्हा दाखवा. हाड जुळले आहे आणि वरची लक्षणे नाहीत, असे त्यांनी सांगितले तर चाला. दुखले तरी चाला, पण काट्याने मोजून चाला. सासूबाईंना हा लेख जरूर वाचून दाखवा. हाड जुळले हे त्यांचे म्हणणे खरे आहे आणि दुखते हे तुमचे म्हणणेही खरे आहे. एक्स-रेत हाड दिसते, वेदना दिसत नाही. त्यांनी रोज संध्याकाळी तुमच्याबरोबर अंगणात दहा मिनिटे फेऱ्या मारल्या, तर ते कोणत्याही गोळीपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

२०२४ ची महाशिवरात्र ८ मार्चला झाली. जत्रा ओसरल्यावर दोन-तीन दिवसांनी मी काठी घेऊन आमच्या अंबरनाथच्या शिवमंदिरात गेले. १०६० सालचे हे शिलाहारांचे मंदिर. त्याचा गाभारा पायऱ्या उतरून खाली आहे. पायऱ्यांपाशी क्षणभर थांबले. पाय दुखत होता, खांदेही दुखत होते. मावशी बरोबर होत्या. त्यांनी विचारले, "मॅडम, एकाच जागी दुखतंय का?" मी म्हटले, "नाही, सगळीकडे." "मग चला," त्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघी एकेक पायरी उतरत खाली गेलो.